ठोका, नाहीतर नवं घ्या!

बिघडलेली वस्तू दुरुस्त करणाऱ्यांचे जगात दोन मुख्य पंथ आहेत. एक ठोक-पंथ आणि दुसरा फेक-पंथ. ठोक-पंथाचा माणूस बिघडलेल्या वस्तूच्या कानशिलात एक सणसणीत लगावतो आणि ती सुरू झाली की विजयी मुद्रेने आपल्याकडे बघतो. फेक-पंथाचा माणूस तिच्याकडे बघतसुद्धा नाही. "जाऊ द्या हो, नवीन घेऊन टाका!" असं म्हणून तो मोकळा होतो, कारण पैसे आपले असतात.

आमच्या नागपुरात हे दोन्ही पंथ गुण्यागोविंदाने नांदतात. एप्रिलमध्ये माळ्यावरून कूलर खाली उतरला की पंखा खडखडतो. मेकॅनिक येतो, कूलरला दोन दणके घालतो, पायाखाली पुठ्ठ्याची घडी सारतो आणि "बस, आता पाहायचं काम नाही" म्हणून पैसे खिशात घालतो. पुठ्ठा कूलरच्याच पाण्याने भिजतो, चार दिवसांत त्याचा लगदा होतो आणि खडखड दुप्पट होते. पंख्याचं एक पातं वाकलेलं आहे, हे कुणी बघितलेलंच नसतं. मग फेक-पंथीय शेजारी येतात आणि कूलर बदलायचा सल्ला देतात. पातं वाकलेलं ते वाकलेलंच भंगारात जातं.

तिसराही एक पंथ आहे. या पंथाची माणसं आधी बघतात, मग मोजतात आणि मगच हात लावतात. ही जमात फार थोडी आहे, तिची संघटना नाही, तिचे मोर्चे विधान भवनावर येत नाहीत आणि हिवाळी अधिवेशनात तिच्यासाठी कुणी लक्षवेधी मांडत नाही. म्हणून तिचं वकीलपत्र मी घेतलं आहे. फी घेतलेली नाही, तेव्हा बोलताना भीड ठेवायचंही कारण नाही.

खटला उभा राहिला तो माझ्या भाच्यामुळे. हा मुलगा धरमपेठेत वाढला आणि नोकरीसाठी टेक्सासला गेला. तिकडे जाऊन माणसं गोल्फ खेळतात, बागेत टोमॅटो लावतात. याने रायफलच्या नेमबाजीचा छंद लावून घेतला. एक दिवस त्याने ताईला फोनवर सहज सांगितलं, "आई, शनिवार-रविवार मी गॅरेजमध्ये दारू भरत असतो." ताईने फोन ठेवला आणि देवापुढे दिवा लावला. ही दारू ग्लासात भरायची नसून काडतुसात भरायची असते, हे तिला समजावून सांगायला मला दोन दिवस लागले. समजल्यावर तिने दुसरा दिवा लावला.

वाचकांच्या घरात असे दिवे लागू नयेत म्हणून थोडक्यात सांगतो. रायफलच्या काडतुसाचे चार भाग असतात. पितळेची नळी, म्हणजे पुंगळी. तिच्या बुडाशी ठिणगी देणारी टोपी. पोटात दारू. आणि तोंडात अडकवलेली गोळी. बार उडाला की टोपी आणि दारू कामी येतात, गोळी निघून जाते आणि पुंगळी मागे उरते. आपल्याकडे ती वर्तमानपत्रात 'घटनास्थळी सापडलेली रिकामी पुंगळी' म्हणून भेटते. अमेरिकेत ती लोक वेचून घरी आणतात, कारण काडतुसातला महाग भाग तोच. फुगलेली पुंगळी डायमध्ये दाबून पुन्हा मापात आणायची, जुनी टोपी काढून नवी बसवायची, दारू भरायची, गोळी बसवायची. शाईच्या पेनात रिफिल टाकावी तसं. आपल्याकडे मात्र हा उद्योग घरात करायला जाऊ नका. 1959 च्या शस्त्र कायद्यात परवान्यावाचून दारूगोळा बनवायची मुभा नाही, आणि काडतुसाचे सुटे भागही त्या कायद्याच्या लेखी दारूगोळ्यातच मोडतात. 'लेख वाचून प्रयोग केला' असा जबाब कुणी सीताबर्डीच्या ठाण्यात दिला, तर मी हा लेख लिहिलाच नाही असं सांगेन.

तर भाच्याच्या यंत्रावर एक गोल ताटली असते. तिच्या खाचांत पुंगळ्या उभ्या करायच्या. दांडा ओढला की ताटली एक घर पुढे सरकते, वरच्या डाया खाली येतात आणि प्रत्येक पुंगळीवर आपापलं काम करतात. पंगतीत वाढपी फिरतात, इथे पंगतच फिरते, एवढाच फरक. या पंगतीत भाच्याची पुंगळी नेमकी डायच्या तोंडाखाली येईना. केसभर बाजूला राहायची, डायच्या कडेवर तिचं तोंड आपटायचं आणि चेपायचं. ज्या पुंगळ्या निभावून जायच्या त्यांच्यात गोळी तिरपी बसायची, गांधी टोपी एका कानावर कलावी तशी.

त्याने ही व्यथा घरच्या ग्रुपवर टाकली, आणि दोन्ही पंथ धावून आले.

आमचे मेहुणे ठोक-पंथाचे पीठाधीश. ते म्हणाले, "थोडा जोर लावून पाह्य ना बे! बसत कशी नाही?" त्यांनी आयुष्यात खिडकीपासून ते जावयापर्यंत सगळं जोर लावूनच बसवलं आहे. भाच्याने जोर लावला. पुंगळी बसली. म्हणजे खालीच बसली, उभी राहिलीच नाही.

तिकडचे त्याचे मित्र फेक-पंथाचे. एक म्हणाला ताटली बदल. दुसरा म्हणाला डाय बदल. तिसरा म्हणाला हे यंत्रच जुनं झालं, नवं घे. तीन महिन्यांत त्याने नवी ताटली आणली, डायांचा नवा संच आणला आणि यंत्राखालचं टेबलही नवं आणलं. पुंगळी वाकडी ती वाकडीच. एका मित्राने तर पुंगळ्या चकाचक नसल्यामुळे अडकतात असा शोध लावला आणि अमोनियावालं ब्रास पॉलिश लावायला सांगितलं. नंतर आमच्या काकाजींनी हे ऐकलं, तेव्हा त्यांच्या हातातली तर्री पोह्यांची बशी थांबली. त्यांच्या चाळीस वर्षांच्या नोकरीत एवढा मोठा प्रसंग आला नव्हता.

काकाजी म्हणजे आमचे शेजारी. ऑर्डनन्स फॅक्टरीतून चार्जमन म्हणून निवृत्त झालेले. अंगणातल्या संत्र्याच्या झाडालासुद्धा ते ओळंब्याने उभं करतील असा स्वभाव. मी एका सकाळी त्यांना भाच्याशी व्हिडिओवर जोडून दिलं. इथे सकाळचा चहा, तिथे आदल्या दिवसाची संध्याकाळ. भाच्याने अर्धा तास कहाणी सांगितली. काकाजींनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला.

"बाबू, पुंगळी वाकडी आहे, का वाकडी होऊन राहिली?"

वाचकहो, या प्रश्नावर थोडं थांबा. तीन महिने, दोन खंड, एक ग्रुप आणि बरेच डॉलर खर्ची पडूनही हा प्रश्न कुणाला सुचला नव्हता. वाकडी असणं वेगळं, वाकडी होणं वेगळं. हे पुंगळीबद्दल खरं आहे आणि शाळेतल्या पोरांबद्दलही.

भाचा म्हणाला, "काय माहीत, काकाजी."

"मग मोज ना बाप्पा! मोजल्याबिगर बदलतो कायले?"

नंतरचे चार रविवार जे चाललं त्यात चमत्कार म्हणून काहीच नव्हतं. फेक-पंथाला ही पद्धत रुचत नाही ती यामुळेच. काकाजींनी त्याला एका तक्त्यात चार ओळी आखायला लावल्या. सगळ्याच खाचांत बिघाड होतो का? तसं असेल तर ताटली कमी किंवा जास्त फिरते आहे, नाहीतर तिचा मधला बोल्ट ढिला आहे. एकाच डायखाली होतो का? मग ती डाय सरळ बसलेली नाही. एकच खाच फिरत फिरत प्रत्येक डायखाली त्रास देते का? मग दोष त्या खाचेत. आणि एखादी ठरावीक पुंगळीच कुठल्याही खाचेत अडते का? मग त्या पुंगळीच्या बुडाची कडाच वाकलेली. यात यंत्र उघडायचं नाही, पैसा काढायचा नाही. खाचेवर पेनाने आकडे घालायचे आणि कुठे अडलं ते लिहायचं.

पहिल्याच संध्याकाळी निकाल लागला. तीन नंबरची खाच! प्रत्येक डायखाली तीच अडत होती. आत बघितलं तर जुन्या टोपीतून झडलेली काजळी घट्ट बसलेली, तिळाएवढी. तिच्यावर पुंगळी कलती उभी राहायची आणि वर जाईपर्यंत तिचं तोंड बाजूला सरकायचं. मग नव्या ताटलीवर तरी बिघाड का राहिला? कारण नव्या ताटलीवरही काजळी जमतच होती आणि ती झटकायचं कुणाच्या मनात आलं नव्हतं. भाच्याने जुन्या टूथब्रशने खाच घासली. खर्च शून्य डॉलर शून्य सेंट.

तोंड चेपायचं थांबलं, पण गोळीचा कल राहिलाच. मेहुणे लगेच म्हणाले, "पाहा, मी म्हटलं नव्हतं?" (ते काय म्हणाले होते, हे अजून कुणाला आठवलेलं नाही.) काकाजी शांत होते. एका लक्षणामागे दोन रोग असू शकतात, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी दहा पुंगळ्या निवडायला लावल्या आणि प्रत्येक पायरीनंतर डायल गेजखाली फिरवून मोजायला सांगितल्या. हे माप इंचाच्या हजाराव्या भागात असतं, वर्कशॉपच्या भाषेत एक थाऊ. आपल्या डोक्याचा केस साधारण तीन थाऊ जाड भरतो, आणि एवढाच कल चांगल्या नेमबाजाला खटकायला पुरतो. बार उडालेली पुंगळी सरळ निघाली, कारण ती रायफलच्या पोटात फुगून तिथल्या मापाची होते. डायमध्ये दाबल्यावरही सरळ. पुढची पायरी म्हणजे पुंगळीची मान आतून रुंद करणारा गोळा वर ओढून काढायचा. तिथे सुई नाचली! मान आतून कोरडी होती, गोळा घासत यायचा आणि मानेला एका बाजूला ओढून न्यायचा. आतून तेलाचं बोट फिरवलं, सुई शांत झाली. गोळी बसवणारी डाय, जिच्यावर सगळ्यांचा संशय होता आणि जी भाच्याने दोनदा बदलली होती, ती बिचारी निर्दोष सुटली.

आता अमोनियाचं प्रकरण, कारण काकाजींची पोह्यांची बशी तिथेच थांबली आहे. काडतुसाचं पितळ म्हणजे शंभरात सत्तर भाग तांबं आणि तीस भाग जस्त. याचा स्वभाव आमच्या घराण्यातल्या वडीलधाऱ्यांसारखा आहे. जितकं वाकवायला जाल तितकं कडक होतं, आणि राग आत धरून ठेवतं. इंग्रजांच्या काळात हिंदुस्थानातल्या फौजांची काडतुसं पावसाळ्यात आपोआप तडकू लागली. ना बार, ना धक्का, पेटी उघडावी तर पुंगळीला भेग! पावसामुळे मोहिमा थांबल्या की काडतुसं घोड्यांच्या पागांजवळ ठेवत. घोड्यांच्या मुताचा अमोनिया हवेत, दमट हवा सोबतीला, आणि पितळाच्या पोटात ताण. या तिघांनी मिळून पितळ चिरलं. इंग्रजीत या रोगाला 'सीझन क्रॅकिंग' म्हणतात. मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या तिघांनी 1921 साली त्याची रीतसर उकल मांडली. उपाय काय निघाला? पुंगळी हलकेच तापवून तिच्या पोटातला ताण घालवायचा आणि तिला अमोनियापासून लांब ठेवायचं.

ठोक-पंथाने त्या पुंगळ्यांना ठोकून काय होणार होतं? ताण वाढला असता. फेक-पंथाने नवी पेटी मागवून काय होणार होतं? तीही त्याच पागेत ठेवली असती. रोग पेटीत नव्हता, पागेत होता. पागेपर्यंत पोचला तो, जो 'का?' विचारत चालत गेला. आणि शंभर वर्षांनंतर टेक्सासच्या गॅरेजमध्ये एक सद्गृहस्थ तोच अमोनिया बाटलीत विकत घेऊन पुंगळीला चोळायला सांगतात! आमची आजी पितळेची भांडी चिंचेने घासायची. तिला धातुशास्त्र येत नव्हतं, पण भांड्यांना भेगा गेल्या नाहीत.

आता विरुद्ध पक्षाच्या वकिलांना येऊ द्या.

त्यांचं पहिलं म्हणणं, "एवढा वेळ कुणाला आहे?" भाच्याने तीन महिने सामान बदलण्यात घालवले आणि चार रविवार मोजण्यात. वेळ कुठे गेला याचा हिशेब त्यांनीच करावा.

दुसरं म्हणणं, "आपण जुगाडू लोक आहोत, जुगाड हीच आपली प्रतिभा आहे." हे ऐकलं की माझं डोकं मे महिन्यातल्या सीताबर्डीसारखं तापतं. रात्री अकराला मेळघाटात जीपचा पट्टा तुटला आणि कुणी ओढणी बांधून जीप परतवाड्यापर्यंत आणली, तर मी त्या माणसाचा सत्कार करीन, शाल-श्रीफळ देईन. पण परतवाड्याला पोचल्यावर नवा पट्टा टाकायचा असतो! आपण ओढणीचाच सत्कार करत बसतो आणि पुढची तीन वर्षं जीप ओढणीवर चालवतो. जुगाड हे उधार आहे. उधार घेण्यात लाज नाही, पण ते फेडायचं असतं. आपल्या गावात 'तात्पुरती व्यवस्था' हे सर्वांत टिकाऊ बांधकाम आहे.

तिसरं म्हणणं जरा भावनिक असतं. "अनुभवी माणसाला मोजावं लागत नाही, डोळ्यांना कळतं." असेल. पण तीन थाऊ डोळ्यांना कळत नाहीत. काकाजींनी अख्खी नोकरी त्या कामात घालवली आणि तरी ते गेज मागतात. मेहुण्यांनी पुंगळी पहिल्यांदा फोनवर पाहिली आणि त्यांना डोळ्यांनी कळलं.

आता जरा आवाज खाली आणून बोलतो. हा सगळा ऊहापोह हौशी माणसाच्या गॅरेजपुरता असता तर मी हसून सोडून दिला असता. पण आपण राहतो कुठे? अंबाझरीला तोफगोळ्यांची कवचं घडतात, भंडाऱ्याजवळ जवाहरनगरला स्फोटकं, चंद्रपूरकडे भद्रावतीला दारूगोळा, वर्ध्याजवळ पुलगावला त्याचं भांडार, भुसावळजवळ वरणगावला रायफलीची काडतुसं. 2021 साली ऑर्डनन्स फॅक्टऱ्यांच्या सात कंपन्या झाल्या, त्यातल्या यंत्र इंडियाचं मुख्यालय नागपुरातच आहे. विदर्भातल्या कितीतरी घरांची चूल या कामावर पेटते. आणि याच परिसराने 2016 चं पुलगाव पाहिलं, 2023 चं बाजारगाव पाहिलं, 2025 च्या जानेवारीतलं भंडारा पाहिलं. त्या दिवशी डबा घेऊन गेलेली माणसं परत आली नाहीत. कारणं सांगायला मी चौकशी समिती नाही, आणि सांगणारही नाही. पण एवढं कळतं की या कामात 'चालून जाते' हा शब्द कुणाच्या तरी जिवावर बोलला जातो. वाकडी पुंगळी नळीत अडली तर ती फेक-पंथीयासमोर अडत नाही, सीमेवरच्या जवानासमोर अडते. त्याला त्या क्षणी ना ठोकायला वेळ असतो, ना नवं घ्यायला दुकान.

म्हणून माझी मागणी साधी आहे. आयटीआयमध्ये, कारखान्यात, कूलरच्या दुकानात, आणि शक्य तर लग्न जमवणाऱ्या मंडळींतसुद्धा, हातोडी देण्याआधी माणसाच्या हातात पट्टी द्यावी. त्याला तीन गोष्टी शिकवाव्यात. बिघाड कुठे सुरू होतो ते शोध. एका वेळी एकच गोष्ट बदल. आणि जे झालं ते लिहून ठेव. शेवटची गोष्ट सर्वांत कठीण, कारण लिहून ठेवलं की 'मी म्हटलं नव्हतं?' असं म्हणायची सोय राहत नाही.

आमच्या मेहुण्यांना हा लेख छापायच्या आधी वाचून दाखवला. ते म्हणाले, "चांगला आहे, पण मधातच थोडा वाकडा झाला." मी विचारलं, "कुठं?" ते म्हणाले, "कुठं ते नाही सांगता येत. एक काम कर ना, अख्खा नवीनच लिहून काढ."

बघा! इतकी वर्षं ठोक-पंथात काढलेला माणूस एका वाक्यात फेक-पंथात गेला. पण मोजायला म्हणून काही बसला नाही.